खुर्चीचा संडास

१२ जानेवारी १९९१

बाबांशी जोरदार वाजलं. कारण — संडास.

नवं घर उभं राहिलं, प्लास्टर झालं. आज मारुतीभाऊ प्लंबर कानाला पेन्सिल खोचून आला. कुठं कुठला नळ, कुठलं भांडं, सगळं आजच सांगा म्हणाला, पाइप टाकायचेत. मी म्हटलं, संडासात कमोड. खुर्चीचा. पांढरा शुभ्र.

बाबा आधी हसले. मी हसत नाही बघून चिडले. "जन्मभर टमरेल घेऊन खाडीच्या कडेला गेलो आपण. तुला एकदम खुर्ची? पेपर वाचाला बसनार का आत?"

"बसेन. वाचेन."

"कॉलेजात बसला असतास तर बरा झाला असता."

हे लागलं. हातात गवंड्याची थापी होती ती फेकली. नव्या भिंतीला खळगा पडला. मारुतीभाऊनं तो अंगठ्यानं बुजवला आणि वहीत लिहिलं — कमोड एक.

आई कोळंबी सोलत बसलेली. 

१३ जानेवारी

खरं कारण फक्त इथं लिहितो. रतन.

टिटवाळ्याची, आमच्यातलीच. कल्याणला कॉलेजात माझ्या दोन बाकं पुढं बसायची. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. सर म्हणाले, मासेच विकायचेत तर इथं जागा कशाला अडवतोस, आणि मी हजेरीपट खिडकीतून खाली भिरकावला. ती राहिली. आता शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वडिलांनी, धोंडीबाकाकांनी, बाबांना निरोप पाठवलाय: पोरगा अर्धवट शिकलेला, डोक्यानं गरम. शिमग्यानंतर तुमचं घर बघायला येतो, मग काय ते सांगतो.

म्हणजे आता घरच बोलणार माझ्या वतीनं. मग ते नीट बोलायला नको?

२ फेब्रुवारी

कमोड आला! कल्याणहून टेम्पोत, मी मागे त्याला मिठी मारून बसलेलो. नाक्यावरची पोरं ओरडली, "गुण्या, वरात कुनाची रे?" ओरडू देत.

मारुतीभाऊच्या हाताखाली मीच बसवला. स्क्रू आवळताना तो म्हणाला, "रागानं नको, चिनी मातीय. पाव आटा जास्त झाला की तडा." बाजूला हाताला येईल असा पितळी नळ. बाबा दारात उभं राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "देवाच्या पाटापेक्षा चकचकीत दिसतंय."

१० फेब्रुवारी

राहायला येऊन आठवडा झाला. आठ दिवसांत सगळे सरावले. बाबा अजून बाहेरच्या सार्वजनिकला जातात, तत्त्व म्हणून. आई मात्र आत गेली की लवकर येत नाही. आज गुणगुणत होती आतमध्ये. मी दारावर टकटक केली, "आई, झोपलीस का?" तर म्हणते, "बसलेय जरा. दिवसभरात मना बसाला कोन देतंय?"

बाजारात दिवसभर मासे घेऊन बसूनच तर असते ती. हसलो.

१७ फेब्रुवारी

कल्याणला रतन भेटली. वीस मिनिटं. पुलाखाली उसाचा रस प्यायलो. निळी ओढणी. मी घराबद्दल सांगत सुटलो — मोरीत शॉवर, ओट्याला स्टीलचं सिंक, आणि संडासात कमोड. तर ती रस नाकातून यायची वेळ येईपर्यंत हसली.

"खुर्ची? मी नाय बाबा बसणार त्यावर. पाय लोंबकळत? राणीसारखं?"

निरोप घेताना पण तेच. "येते हां, राजे."

परत येताना गाडीत काहीच सुचेना. तिच्यासाठी बसवला आणि तिलाच नको!

१९ फेब्रुवारी

काढला. मारुतीभाऊ म्हणाला, "अरे, बसवून महिना नाय झाला अजून." मी म्हटलं, तू काढतोस की मी घण आणू? भाऊनं काढला. आता साधा ओरिसा पॅन, खाली बसायचा. त्याच्यासाठी एक पायरी उंच घ्यावी लागली.

बाबा खूश. "आला वटनीवर." आईला विचारलं, बरं झालं ना? ती म्हणाली, "तुला बरा वाटतो तो बसव, बाला." आणि कमोड टाकू नकोस म्हणाली, परसात राहू दे. कशाला ते सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी

संडासातला नळ गळतोय. नवा कोरा नळ! काढला, आट्यांवर सूत गुंडाळलं, सफेदा लावला, परत आवळला.

१ मार्च, धुळवड

परत सुटला. सगळं गाव रंगात, मी संडासात. नळ भिंतीत सैल, एका बाजूला मान टाकून.

२ मार्च

दुकानदाराशी भांडलो. माल हलका देता म्हटलं. तो म्हणाला, "हाच नळ अख्ख्या कोपर गावात बसलाय, कुनाचा सुटला नाय." मी नळ काउंटरवर आपटला. काच गेली. काच मी भरून देणार आहे. दुसरा नळ आणला, वजनदार.

६ मार्च

वजनदार पण सुटला. रविवारी टिटवाळ्याची माणसं यायची आणि संडासात तळं!

मारुतीभाऊला वाट्टेल ते बोललो. तो शांतपणे विडी विझवून आत गेला, नळावर हात ठेवून बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "गुणाजी, हा दर वेळी एकाच बाजूला झुकतो. पॅनच्या बाजूला. नळ आपनहून फिरत नाय रे. कुनीतरी ओढतंय."

"भूत ओढतंय?"

"ते तू बघ," म्हणाला. तिसरा नळ बसवून गेला. माझ्याकडे न बघता.

१० मार्च, रविवार

सगळं लिहायचंय.

दोघं यायची होती, तिघं आली: धोंडीबाकाका, त्यांची बहीण गंगुआत्या, आणि — रतन! मुलगी घर बघायला येत नसते. पण ती म्हणे घरात म्हणाली, राहायचं मला आहे तर बघणार पण मीच. धोंडीबाकाकांचं तोंड त्यामुळे आधीच एवढंसं झालेलं.

गंगुआत्यानं मला बघितलंसुद्धा नाही. तिनं नळ बघितले. एकेक उघडायचा, बोटानं धार मोडायची, बंद करायचा. "धार चांगली हाय." शॉवर उघडला आणि अंबाड्यासकट भिजली. बाबांना हसू आवरेना. ते खांबाआड गेले. आत्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आंघोल पन झाली. आता जेवूनच जाते."

आईनं पापलेट तळलेले. जेवणं झाली. रतन हातपाय धुवायला मागं गेली. बऱ्याच वेळानं आली. तोंडावर हसू नव्हतं. मला परसात ये अशी खूण केली.

"तो संडासातला नळ कितीदा सुटला?"

मी चाट. "तीनदा. तुला कसं माहीत?"

"आता चौथ्यांदा सुटतोय, हलतोय. आमच्या आजीनं घरी दोन नळ असेच काढलेत हातानं. खाली बसल्यावर उठता येत नाही तिला. नळ धरून उठते." मग हळूच म्हणाली, "काकूंचे गुडघे बघितलेस कधी? मगाशी ताट उचलायला वाकल्या तर भिंत धरली त्यांनी."

माझं डोकं फिरलं. म्हणजे लाज वाटली की माझं डोकंच फिरतं आधी. "तूच म्हणालेलीस खुर्ची नको!"

"मी चेष्टा केली, गुणाजी. तू घर फोडशील असं नव्हतं वाटलं." आणि मग: "माझं ऐकलंस. आईला विचारलंस?"

तीस वर्षं पाटी पुढ्यात घेऊन बाजारात उकिडवी बसते माझी आई. घरात एकच जागा होती जिथं तिला खुर्चीसारखं बसायला मिळायचं. ती मी उखडून परसात ठेवली.

जाताना धोंडीबाकाका बाबांना म्हणाले, "घर चांगलंय. कळवतो." 'पोरगा' हा शब्द नाही. रतननं मागे वळून बघितलं नाही.

११ मार्च

आईला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती बोंबिलाची डोकी उडवत होती. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "तुजा लगीन ठरतंय. त्यात मी काय सांगू, मना उठता येत नाय? आनि असल्या गोष्टी पोराला कशा सांगाच्या?"

"नळ तुटला असता तर? पडली असतीस तर?"

"तू नवीन बसवत व्हतास की."

बाहेर गेलो. 

१३ मार्च

पायरी फोडली, पॅन काढला. मारुतीभाऊला बोलावलं नाही — आधी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, मग हत्यारं मागितली. त्यानं दोन्ही दिलं. चहा पण.

परसात गेलो कमोड आणायला. वाटलेलं, कोंबड्यांनी घाण केली असेल. वर आईची जुनी साडी झाकलेली. उचलली — आत लख्ख. रोज धुवत होती! बंद पडलेला, पाइप नसलेला संडास, रोज. कधी परत लागेल म्हणून? की नुसताच आवडला म्हणून?

उचलून आत आणला. स्क्रू हळू आवळले. जिथं माझा हात आपोआप आणखी पाव आटा मारतो, तिथं थांबलो. आणि भिंतीत, नळापासून दूर, होडीवरच्या जाड लोखंडी कडीची मूठ पक्की केली. ही ओढ म्हणावं, आई.

सिमेंट सुकेपर्यंत दोन दिवस कुणी आत जायचं नाही. बाबा म्हणाले, "आपलं तत्त्व बरं पडलं बघ."

१५ मार्च

पहिला मान आईचा. पाऊण तास! आतून गुणगुणणं. बाबा म्हातारपणासाठी सराव म्हणून तिच्यानंतर जाऊन आले.  बाहेर आले तेव्हा पेपर काखेत होता.

कॉलेजच्या सुटायच्या वेळी कल्याणला गेलो. रतनला एवढंच सांगितलं, बसवला परत. तिनं माझ्या हातांकडे बघितलं. सिमेंटनं सोललेले. म्हणाली, "आजीला सांगते." वडिलांना नाही, आजीला. म्हणजे संपलं बहुतेक. पण वाईट वाटेना. विचित्र आहे. घरी आलो तर संडासातला नळ कोरडा, एक थेंब गळला नव्हता.

१७ मार्च, पाडवा

गुढी उभी करत होतो तर गंगुआत्या दारात, एकटीच, साखरगाठी घेऊन. बाबांना म्हणाली, "धोंडीबानं तारीख काढाला सांगितलंय." मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून: "आनि आमची म्हातारी इचारते, जावय खुर्ची बसवाला कधी येतोय?"