माझ्या जागी आल्मुट

गॉटिंगन, ६ मार्च १९७२

प्रिय गुनहिल्डताईस,

सा. न. घसा कसा आहे? आई दूध-मध पाजून बेजार करत असेल. इकडे बँडला अजून नाव नाही. गिटारवाला फोल्कर रोज एक काढतो, आम्ही रोज हाणून पाडतो. तुझी सहा गाणी मीच रेटते आहे. बासरीवालीला माइकपुढे उभं केलं की काय होतं, ते तुला ठाऊकच! पण परवा लोकांनी मेंढपाळाच्या मुलीचं गाणं दोनदा म्हणायला लावलं. फोल्कर म्हणाला, इलेक्ट्रिक गिटारवर हे जुनं गाणं आत्ता कुठे बसलं. तू बरी झालीस की जागा तुझीच. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी आल्मुट

आइनबेक, २१ मार्च

चि. आल्मुट,

अ. आ. ‘आत्ता कुठे बसलं’ हे मला कळवायलाच हवं होतं का? दोन वर्षं त्या थंडगार कोठारात ते गाणं बसवलं कुणी?

तुझं पत्र आलं त्याच दिवशी डॉक्टरांनी मला गायला परवानगी दिली होती. पत्र वाचलं आणि कुणाला काही बोललेच नाही. शनिवारी गुपचूप तुमच्या कार्यक्रमाला आले, मागे खांबाआड उभी राहिले. तू बेसूर व्हावंस म्हणून, अगं, चक्क देवाला विनवलं. तिसऱ्या कडव्यात तू शब्द विसरलीस तेव्हा इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली. मग तू नुसती चाल गुणगुणलीस. सभागृह चिडीचूप. मी ते गाणं शंभरदा बिनचूक म्हटलंय. माझ्यापुढे कुणी असं गप्प झालं नाही.

जागा तूच ठेव. माझ्यावर रागावू नकोस. मीच माझ्यावर रागावले आहे तेवढं पुरे.

गुनहिल्ड

गॉटिंगन, २४ मार्च

प्रिय ताईस,

सा. न. मी शब्द विसरले नव्हते. खांबाआडून तुझा हिरवा कोट दिसला. वाटलं, आली जागा परत घ्यायला, आणि पुढचे शब्द म्हणवेचनात. तुझा घसा बसला तेव्हा मी हळहळले, पण चार दिवसच. पाचव्या दिवसापासून तो तसाच राहावा असं वाटायला लागलं. शाळेपासून मी नुसती ‘गुनहिल्डची बहीण’. आता कुठे लोक माझं नाव विचारतात.

फोल्कर म्हणाला, हवं तेवढं भांडा, पण ८ एप्रिलला रेकॉर्डसाठी मला दोन्ही आवाज हवेत. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

खोटं कशाला लिहू? अजूनही वाटतं, तू येऊ नयेस. त्या दिवशी सकाळी साडेनऊला स्टेशनवर उभी असेन. येच.

तुझीच धाकटी,
आल्मुट