टीव्हीवर लागलेली आठवण

दादा,

टीव्हीची वायर मी काढून ठेवली आहे, परत लावू नकोस. आईच्या पाठीवरच्या जखमेचे फोटो मी डॉक्टरांसाठी काढले होते. काल मावशी आईजवळ बसलेली असताना तेच फोटो 'गोड आठवणी' म्हणून गाण्यासकट टीव्हीवर लागले. फोनमधले फोटो टीव्हीला द्यायला मी साफ नाही म्हटलं होतं, टीव्हीच्या नव्या अपडेटने परस्पर हो करून टाकलं. कंपनीला विचारलं तर म्हणे, "तुमच्याच सोयीसाठी आहे मॅडम." चोर तो चोर, वर शिरजोर. किळस आली मला.

आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे, मला जखमेला हातही लावू देत नाही. मी नर्सबाईंना आणायला जातेय. आईजवळ जाशील तेव्हा फोन बाहेर ठेव आणि रिकामे हात तिला दाखव.

छोटी