टेबल सोडताना

८ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी पोचलो. स्टँडवर आण्णा स्वतः स्कूटर घेऊन हजर. गरज नव्हती. वाटेत तिघांना थांबवून सांगितलं, "पोरगं आलंय गोव्यास्नं. मोठ्या हॉटेलात हाय, क्याश बघतंय." मी मागे बसून हसरा चेहरा धरून ठेवला. क्याश बघतो हे अगदीच खोटं नाही. चाक फिरवतो, हरलेल्यांच्या चिपा ओढतो, जिंकलेल्यांना मोजून देतो. फक्त हॉटेल नाही, नदीतली बोट आहे, आणि बोटीवर कॅसिनो.

यंदा चातुर्मासाला मुनी महाराज आपल्या जैन बस्तीत. बुधवारी त्यांच्या आहाराचा चौका आपल्या घरी. तूप, फळं, नवी भांडी, सगळं मी पाठवलेल्या पैशातून. आण्णांनी मुद्दाम वेगळा ठेवलाय तो. आईला म्हणाले, आहारदानाला घामाचाच पैसा लागतो. आमच्या बोटीवर एसी एवढा असतो की घाम यायचा प्रश्नच नाही.

पाठशाळेत सप्तव्यसनं पाठ होती. बेंबीच्या देठापासून ओरडायचो. सातांत पहिला जुगार.

१० ऑगस्ट, रविवार

इचलकरंजी. मुलगी बघितली. स्नेहल. बी. कॉम., एका सीएच्या ऑफिसात कामाला. आवडली. (आवडली म्हणजे काय, ती मला नाही म्हणेल ही भीती पोह्यांपासूनच सुरू झाली.) वडिलांचे यंत्रमाग. घरात शब्द मात्र थोरल्या काकांचा. बापूसो काका. पांढराशुभ्र शर्ट, मोठा आवाज, सगळ्यांना "बसा की पावणं" म्हणून खुर्च्या सरकवणारे.

काकांनी चहाचा कप उचलला आणि माझी नजर त्यांच्या हातावर अडकली. डाव्या हाताची तर्जनी पेरापासून नाही. मागात गेली असेल कधीतरी. शेजारच्या बोटात पुष्कराज.

आम्ही डीलर गिऱ्हाइकांची तोंडं लक्षात ठेवत नाही, हात ठेवतो. चिप उशिरा सरकवणारा, लावलेली हळूच मागे घेणारा. हा हात माझ्या रूलेटवर किती रात्री बसलाय. हरताना टेबलावर थापट्या मारतो. एकदाच मोठं लागलं, तेव्हा एक चिप माझ्याकडे फेकून म्हणाला होता, "घे पोरा, तुझ्या लग्नाला."

त्यांनी मला ओळखलं नाही. काळं जाकीट, टाय, चापून बसवलेले केस नसले की आम्ही कुणीच नसतो.

स्नेहलच्या वडिलांनी विचारलं, हातात किती पडतं? मी तोंड उघडायच्या आत आण्णा म्हणाले, पन्नासभर हजार. त्यांनी पगाराची स्लिप मागितली, रीत म्हणून. आण्णा खुशाल हो म्हणाले.

मग आम्हा दोघांना आतल्या खोलीत पाठवलं. ती सरळ बोलते. म्हणाली, "रात्रपाळी चालंल, गोवा चालंल. खोटं तेवढं नको. आमच्या घरातले निम्मे माग खोट्यापायी गेलेत. काका सुताच्या व्यापारात बुडाले म्हणतात. सुतात बुडालेला माणूस दर महिन्याला गोव्याला कशाला जातोय, हे मी सोडून कुणी विचारत न्हाय. तुम्ही तिकडंच असता. कुठं दिसले तर सांगा."

बघतो म्हणालो. माणूस बाहेरच्या खोलीत बसून चिवडा खात होता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

स्लिपचं काय करू.

स्लिपवर चोवीस हजार. बाकीचं सगळं टिप. टिप म्हणजे कुणी आपल्या खिशात घालत नाही, खिसे शिवूनच टाकलेले असतात. चिप टेबलावर ठोकायची, वर कॅमेऱ्याला दिसेल अशी पेटीत टाकायची. महिन्याला सगळ्यांची एकत्र करून वाटणी. वाटणीला गुण. जुन्याला जास्त, नव्याला कमी. रूलेट, बाकारा, पोकर तिन्ही येत असेल तर जास्त. मला दोनच येतात. ज्या टेबलावर कमीत कमी लावायची रक्कमच मोठी, तिथे उभं राहायला मिळालं तर साहेबांच्या डोळ्यात भरतो, पुढच्या वर्षी गुण वाढतात. गिऱ्हाइकाशी गुजरातीत दोन शब्द बोलता आले तर आणखी बरं. कुणाला चुकून जास्त दिलं की मेमो आणि गुण खाली. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घेतली की वाटणीला कात्री. म्हणजे या पंधरा ऑगस्टची माझी गेली.

शिरोलीत फाउंड्रीच्या ऑफिसात होतो तेव्हा याच्या निम्मंही मिळत नव्हतं आणि मुलीवाले स्लिप बघून चहासुद्धा पूर्ण प्यायचे नाहीत. हे स्वतःला किती वेळा सांगितलं. आज सांगून बघितलं तर लागू पडेना.

खरं लिहायचं तर हिशेब एवढाच. पगार हरणाऱ्यांचा, टिप जिंकणाऱ्यांची. स्नेहलच्या घरचे निम्मे माग गेले, त्यातले किती माझ्या पगारात आलेत, हे…

आण्णा आयुष्यभर दूध संस्थेत फॅट काढायचे, त्यावर दुधाचा दर ठरायचा. कुणी बांधावरची काकडी दिली तरी परत करायचे. म्हणायचे, आज काकडी घेतली की उद्या फॅट वाढतंय. मी महिन्याच्या महिन्याला काकड्या पाठवतोय त्यांना.

१३ ऑगस्ट, बुधवार

झालं. लिहवत नाही, पण लिहितो.

पहाटेपासून आई सोवळ्यात. मी धोतर-दुपट्टा. दारात कलश धरून उभे राहिलो. महाराज दोन घरं सोडून पुढे आले आणि आमच्या दारात थांबले. आण्णांच्या डोळ्यांत पाणी. आत आणून, पाय धुऊन, मग म्हणायचं असतं. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे. आण्णांनी खणखणीत म्हटलं. आईने म्हटलं. मी ओठ हलवले. आवाज काढला नाही. एवढाच माझा प्रामाणिकपणा.

महाराज उभ्यानेच, ओंजळीत घेतात. माझी पाळी आली. ओंजळीत घास ठेवला. बोटं नीट चालली, ती नेहमीच नीट चालतात. मागे सरलो आणि ते झालं. टाळी वाजली. हलकी, कोरडी. मग दोन्ही तळवे वर, खाली, पुन्हा वर.

टेबल सोडताना आम्ही हे करतो. दुसरा डीलर आला की टाळी, मग हात उलटसुलट करून छताकडच्या कॅमेऱ्याला दाखवायचे. बघा, काही उचललेलं नाही. रोज इतक्यांदा करतो की डोक्याला विचारायची गरजच उरलेली नाही. आज घरच्या चौक्यात, महाराजांसमोर, वर छताकडे बघूनसुद्धा केलं.

दारात इचलकरंजीचे पाहुणे उभे. आण्णांनी आग्रहाने बोलावलेले. स्नेहलचे वडील आहार बघत होते. काका माझे हात बघत होते. तोंडाचा रंग उतरला त्यांच्या. मग माझ्याकडे बघितलं. या वेळेला ओळखलं.

आहार निर्विघ्न झाला. आहार देणाऱ्याने काहीतरी सोडायचं असतं. नंतर महाराजांनी विचारलं, काय त्याग करणार? आण्णा बघत होते म्हणून मी म्हणालो, रात्रीचं जेवण. महाराज म्हणाले, नोकरी कसली? म्हटलं, हॉटेलात, रात्रपाळी. "मग जेवणार कधी, बाळा?" सगळे हसले. शेवटी वर्षभर बटाटा सोडला. जुगार सोडतो म्हणायला एक श्वास पुरला असता. बटाटा सोडून आलो. लाज वाटते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बापूसो काकांचा फोन. संध्याकाळी गंगावेशीत, कट्ट्यावर दूध प्यायला ये. एकटाच.

म्हशी बांधलेल्या, धारेचं फेसाळ दूध, भोवती माणसं. मोठा आवाज आज बारीक. मी त्यांना इचलकरंजीतच ओळखलं होतं, हे सांगितलं.

मग म्हणाले, "मी बोलत न्हाय. तूबी बोलायचं न्हाय. पोरगी देतो. माझा शब्द घरात मोडत न्हाईत."

मी मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, माझं मला कळलं नाही. कळलं. हो म्हणूनच.

त्यांनी विचारलं, ती लग्नासाठी दिलेली चिप ठेवलीस का? म्हटलं, ती पेटीत गेली, सगळ्यांत वाटली गेली, माझ्या वाट्याला त्यातला चहासुद्धा आला नसेल. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, तुला म्हणून दिली होती की. माग विकून आलेला माणूस माझ्या टिपेसाठी हळहळत होता. मग जवळ सरकून विचारतात, आता घरातला झालास, चाक कुठं थांबतंय हे तुम्हांला हाताला कळत असंल न्हवं? नाही कळत, काका. देवाशपथ नाही कळत. त्यांना पटलं नाही. लपवतोय असं वाटलं.

दुधाचे पैसे त्यांनीच दिले. दूधवाल्या पोराला म्हणाले, वरचे तुला ठेव. मी नजर वळवली.

१६ ऑगस्ट, शनिवार

बोटीवरून मित्राचा मेसेज. तुफान गर्दी, पेटी भरून वाहतेय, तू गाढव आहेस. असेन.

दुपारी स्ने.चा फोन. काकांनी घरात सांगितलं म्हणे, "पोरगं हाताचं स्वच्छ हाय, स्लिपबिप काय मागू नका." सुपारी पुढच्या रविवारी. वडील लगेच तयार. ती नाही. म्हणाली, "काका कुणाला चांगलं म्हणत न्हाईत. तुमची आधीची वळख हाय काय?"

न्हाय, म्हणालो.

मग म्हणाली, बरं. त्या "बरं"ला काय अर्थ होता, तासभर तेच. तिने एकच गोष्ट मागितली होती, ती मला आठवडाभरसुद्धा देता आली नाही. मी काकांना हसतो. ते निदान स्वतःचे माग हरले.

१७ ऑगस्ट, रविवार

आईने बटाट्याची भाजी केली, विसरून. आण्णा माझ्या आधी ओरडले, "त्यानं सोडलाय." कौतुकाने.

सांगायचंच असेल तर आधी आण्णांना. त्यांना सांगितल्याशिवाय स्ने.ला सांगणं म्हणजे त्यांना इचलकरंजीहून कळणार. आणि काकांचं? त्यांचं नाव न घेता माझं सांगता येईल का? ती हुशार आहे. दोन मिनिटांत जोडेल. मग तिच्या घरात जे होईल ते माझ्यामुळे. गप्प बसलो तरी जे होईल ते…

जेवताना दोनदा सुरुवात केली. आण्णा, एक सांगायचं होतं. त्यांनी कानाला हात लावून पुढे वाकून ऐकलं. मी विचारलं, यंदा पाऊस कमी झालाय का इकडे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रात्रीची गाडी आहे. बॅग भरली.

सकाळी शेजारच्या शांताक्कांकडे चौका होता. आण्णा आहार द्यायला गेले, मी बाहेर उभा. त्यांनी महाराजांच्या ओंजळीत घास ठेवला, मागे सरले, आणि टाळी वाजवली. हलकी. मग दोन्ही तळवे वर, खाली, पुन्हा वर. डोळे वर छताकडे.

शांताक्कांनी विचारलं, हे काय वो नवीन? आण्णा म्हणाले, "आमच्या पोराचं बघून शिकलोय. दिल्यावर हात मोकळं दाखवायचं. मागं काय ठेवलं न्हाय म्हणून." मग शांताक्कांच्या सुनेनेही करून बघितलं.

मी तिथून निघून आलो. घरात मोरीत उभा राहून किती वेळ हात धुतले.

दुपारी आण्णा आले. मी कॉटवर बसलेलो. गाडीचं तिकीट, डबा, सगळ्याची चौकशी केली. पुढल्या रविवारी सुपारीला कोण कोण न्यायचं ते बोलले. मग समोर उभे राहून टाळी वाजवली आणि हात पुढे केले.

"बरोबर करतोय न्हवं मी? पालथं आधी का उताणं? तुझं एकदा नीट दाखीव."

फॅट काढून काढून ॲसिडने भाजलेली बोटं. साठी उलटली तरी या हातांना कुणाची काकडी लागलेली नाही.

आई आत डबा भरत होती. मी म्हणालो, "आण्णा, तुम्ही आधी बसा."

ते बसले. हात तसेच पुढे धरलेले, तळवे वर.