पोरगं पदरात घातलं

श्रूजबरी, १० नोव्हेंबर २०२४

ती. गुरुदादास रत्नाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. विसर्जनाच्या मिरवणुकीला अनीशने शेजारच्या गोल्फ क्लबची गाडी न विचारता आणली आणि थेट तळ्यात घातली. गणपती काठावर राहिले, विसर्जन गाडीचं झालं. चोरीचा गुन्हा त्याने कबूल केलाय. तुरुंग होऊ शकतो, दादा. मला झोप नाही.

शिक्षा ठरण्याआधी नातेवाइकांनी न्यायाधीशांना पत्र लिहायची इथे अमेरिकेत पद्धत आहे. भाच्यासाठी चार गोड शब्द लिही.

माया आहेच, ती कागदावर उतरू दे.
रत्ना

चँडलर, १८ नोव्हेंबर

चि. रत्नास अनेक आशीर्वाद.

पत्र धाडलं. घरच्या पोराचं आपणच कौतुक करणं शोभत नाही. मला शाळेत घालताना आप्पा मास्तरांना जे म्हणाले, तेच इंग्रजीत लिहिलं: पोरगं उनाड आहे, तुमच्या पदरात घालतो, हवं तर फोडून काढा, पण माणसात आणा. शिक्षा सुडासाठी, वचकासाठी की सुधारण्यासाठी, यावरही सविस्तर लिहिलंय. माझ्या मते तिन्ही हव्यात.

आता निर्धास्त झोप.
गुरुनाथ

श्रूजबरी, ९ डिसेंबर

ती. दादास सा. न. आज वि. वि. काही नाही.

तुझं पत्र वाचून वकीलबाई पाणी प्यायल्या, मग पुन्हा प्यायल्या. न्यायाधीशबाईंनी ते भर कोर्टात वाचलं. म्हणाल्या, पत्रांतला प्रत्येक गुन्हेगार देवदूत असतो, खरं लिहिणारा नातेवाईक आजच भेटला. फोडून काढणं घटनेत बसत नाही. सूड घेऊन गाडी कोरडी होणार नाही. आणि वचक ठेवायला घरात असा माणूस असताना तुरुंगातली जागा का अडवायची? तेव्हा तुरुंगाऐवजी देखरेखीखाली प्रोबेशन, मुक्काम मामाकडे. तू दर महिन्याला अहवाल द्यायचास. तो वाईट गेला, तर तुरुंग.

शनिवारी विमानात बसवते. पोरगं तुझ्या पदरात घालते.
रत्ना

चँडलर, २० जानेवारी २०२५

चि. रत्नास आशीर्वाद.

पहिल्या दिवशी अनीशला पहाटे उठवून गॅरेज झाडायला लावलं. झाडून झाल्यावर त्याने माझ्यासाठी चहा केला. तुझी वहिनी त्याला थालीपीठ वाढते. ही शिक्षा नव्हे, असं मी तिला बजावलं आणि त्यावर लोणी मीच घातलं.

अहवाल लिहायला बसलो. सवयीने ‘उनाड’ लिहिलं आणि हात थांबला. माझ्या एका शब्दावर पोरगं आत जाईल, हे लक्षात आलं. खोडून लिहिलं, मुलगा गुणी आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. घरच्या माणसाबद्दल असं मी जन्मात लिहिलं नव्हतं.

न्यायाधीशबाईंचा त्यावर विश्वास बसलेला नाही. अहवाल त्याच मामांनी लिहिला की मुलानेच, हे बघायला गुरुवारी अधिकारी येतोय. त्याच्यासमोर अनीशला झापायचं ठरलंय. पण मला हसू फुटतं, म्हणून तोच रोज माझी तालीम घेतो. काल म्हणाला, मामा, यू आर टू स्वीट, पुन्हा ओरड.

माया आहेच, फक्त गुरुवारी ती दिसू नये, एवढी प्रार्थना कर.
गुरुनाथ