ओरडून सांगता न येणारी गोष्ट

उमेळे,
८ जून २०२२

ती. विठ्ठलमामांस,
पियुषचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. तुम्ही कानाचं यंत्र कपाटात ठेवता, मग फोनवर आम्हाला ओरडावं लागतं आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

मानेतली गाठ लिम्फोमाची निघाली हे तुम्हाला माहीत आहे. हा कॅन्सर बरा होतो, असं डॉक्टर म्हणतात. पुढच्या आठवड्यात केमो सुरू होईल. पण त्या औषधांनी पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून आधी वीर्य गोठवून ठेवा, असं त्यांनी आईसमोरच सांगितलं. आई म्हणाली, पोर आधी जगू दे, ही थेरं नंतर. नंतर उपयोग नाही, मामा. रुचिताशी साखरपुडा झालाय. मला बाप व्हायचंय, हे आईला सांगायची लाज वाटते. बाबा असते तर त्यांना म्हटलं असतं. तुम्ही सांगाल का तिला?

तुमचे शेजारी निकोलसकाका परत निघालेत, त्यांच्या हाती पत्र देतो. मामींना नमस्कार. माया करता तशीच करत राहा.

आपला,
पियुष


नंदाखाल,
९ जून २०२२

चि. पियुष यास,
अनेक आशीर्वाद.

यंत्र घालून ताईला फोन केला, यावरून काय ते ओळख. ती रडली. यात दिवस गेले तर आजार बळावेल, अशी तिला भीती. मी म्हटलं, एका-दोन दिवसांचं काम आहे. केळीची बाग काढताना आपण पुढच्या लागवडीसाठी चांगले मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, आधीच काढून ठेवतो, त्याला कुणी थेरं म्हणत नाही. ते तिला पटलं.

हे पत्र आजच कुणाच्या तरी हाती धाडतो. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, दवाखान्यात जाऊ. तू आत जा, मी बाहेर पेपर वाचत बसेन आणि कुणी काही विचारलं तर ठार बहिरा होईन. मात्र रुचिताला तू स्वतः सांग, ते काम मामाचं नव्हे.

मीही घाबरलोय, पण ताईला कळू देऊ नकोस.

तुझाच,
विठ्ठलमामा


उमेळे,
२ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पुन्हा पत्रच. रुचिताला दिवस गेलेत. तेही आपसूक, गोठवून ठेवलेलं अजून तिथेच आहे. मूल होईलच अशी खात्री डॉक्टरांनी कधीच दिली नव्हती. आज सांगतो, लग्न करताना मी मनाशी ‘नाही’ असंच धरलं होतं.

तेव्हा सगळं सांगितलं तर रुचिता रुसली होती, ती मामांना आपल्याआधी कळलं म्हणून. आता तीच म्हणाली, आधी मामांना कळव. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, अशी आईने तंबी दिलीय आणि स्वतः शेजारच्या मटिल्डाबाईंना सांगून आलीय.

आम्हा दोघांवर लोभ असू द्या.

आपला,
पियुष


नंदाखाल,
५ नोव्हेंबर २०२५

चि. पियुष आणि चि. सौ. रुचिता यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वाडीत जाऊन बसलो. केळीला पाणी लावायचं होतं, ते राहिलंच. त्या दिवशी बाहेर पेपर धरून बसलो होतो ना, त्यातली एकही ओळ वाचली नव्हती. तेव्हापासूनचं ओझं आज उतरलं. डोळे पुसताना मामीने पाहिलं, म्हणून तिला सांगावं लागलं. हे ताईला कळवू नका.

बाकी तंबी पाळतो. पण तीन महिने भरले की पत्र नको, फोन कर. यंत्र मी कपाटातच ठेवणार आहे. अख्ख्या नंदाखालला ऐकू जाईल इतकं ओरडून सांग.

तुम्हा तिघांचा,
विठ्ठलमामा