हौस फेडून घ्या म्हणाले, म्हणून

१९ जानेवारी, सोमवार. हर्णै

पोचले! हिंगोलीहून पुणे, पुण्याहून दापोली, तिथून हर्णै. एसटीनं हाडं खिळखिळी केली. पाठीवरची बॅग मैत्रिणीची – निलमची. खर्च माझ्या शिकवण्यांतला. कुणाच्या बापाचं काही नाही, माझ्याही नाही.

समुद्र पाहिला. आधी वाटलं, बरा आहे. मग वाटलं, हे संपत कसं नाही? मग तिथंच बसले आणि उठायचं विसरले.

स्टेटसला फोटो टाकला – जीन्स, टोपी, एकटी. कुणापासून लपवला नाही. होणाऱ्या सासरच्या, डोंगरकड्याच्या आत्याबाईंनी सगळ्यांत आधी पाहिला. पाहा म्हणावं, नीट पाहा.

२० जानेवारी

मूर्खपणा लिहूनच ठेवते. बॅग वाळूत ठेवली आणि किनाऱ्यानं लांब चालत गेले. आमच्याकडं तळ्याचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं ते पुढच्या पावसाळ्यातच वर येतं. काठावर टोपलं ठेवा, संध्याकाळी तिथंच सापडतं. परत आले तर बॅग लाटांत लोळत होती! कपडे, चादर, धाकट्या बहिणीनं, साक्षीनं बांधून दिलेल्या दशम्या – सगळं खारट.

मासे सुकवत बसलेल्या एक मावशी हसून हसून बेजार. "अगो, भरतीची वेळ विचारायची ना कोणाला तरी."

"आमच्याकडं पाणी वेळ पाहून येत नाही, मावशी."

मग त्यांनीच कपडे गोड्या पाण्यातून काढले, अंगणात दोरीवर घातले आणि मला घरीच ठेवून घेतलं. "एकटीच?" म्हणाल्या. व्हय म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि ताटात मासा वाढला. एवढंच! आमच्याकडं या एका प्रश्नावर अख्खं गाव उठतं.

२१ जानेवारी

होडीनं सुवर्णदुर्गाला गेले. चारी बाजूंनी पाणी, मधे किल्ला, तटावर मी. होडी हलली की मी काठ घट्ट धरत होते. फोटोत मात्र हसतेय.

उतरले तर आईचा फोन. "काहून गेलीस गं? पावने काय म्हनतील?"

"त्यांनीच तर सांगितलं, आई."

खरंच सांगितलं होतं. डोंगरकड्याच्या अंगदशी माझी सुपारी फुटली, त्या दिवशी भर बैठकीत. मी फक्त विचारलं होतं, लग्नानंतर शिकवण्या चालू ठेवल्या तर चालेल ना? अंगद हसून म्हणाला, "बाहेर हिंडायची हौस आताच फेडून घ्या. आमच्यात बाई उंबऱ्याच्या आत राह्यते." त्याचे मामा म्हणाले, "पन एकटी न्हाई बरं का. एकटी हिंडनारी सून आमाला चालत न्हाई. सोयरीक मोडू." सगळी बैठक हसली. आबा हसले नाहीत. पण बोललेही नाहीत.

मी चहाचे कप उचलले आणि मनात म्हटलं, वा! रस्ता तर यांनीच दाखवला.

२२ जानेवारी. गुहागर

दाभोळहून फेरीबोटीनं खाडी ओलांडली. बोटीवर गाड्या, म्हशी, नवरानवरी, सगळं एकत्र.

निलमचा मेसेज – सरळ नाही म्हणून टाक ना. तिला काय जातंय सांगायला! मुलीकडून सोयरीक मोडली की आबांनी भावकीसमोर हात जोडून उभं राहायचं, आणि धाकट्या साक्षीच्या दारात स्थळ येत नाही. मुलाकडून मोडली तर मात्र आपण बिचारे. लोक चार दिवस हळहळतात, मग विसरतात. म्हणून त्यांनीच मोडली पाहिजे. हा बेत साक्षीशिवाय कुणाला माहीत नाही.

बोटीवरच्या खलाशांच्या मधे उभं राहून फोटो काढून घेतला. मुद्दाम. ते बिचारे लाजून पाण्याकडं पाहत होते.

२३ जानेवारी

आत्याबाईंनी पाहिला. डोंगरकडा गप्प.

२४ जानेवारी. वेळणेश्वर

गुहागरहून चालत आले. वाटेत तिघा-चौघांनी गाडी थांबवली, "बसा, दमाल." दमायला काय झालं! दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन बाहेर पडतात. आज या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची, उद्या त्या. लहानपणी मी आणि आई घोड्यावर बिऱ्हाड लादून मागं असायचो. पार उमरखेडच्या पुढं गेलेय मी पायी. तेव्हा कुणी विचारलं नाही, पोरगी कुठं हिंडून राहिली म्हणून. पुढं मेंढरं असली की हिंडणं म्हणजे काम, आणि मेंढरं नसली की पोरगी वाया गेली! हे मला पटत नाही. पटवून घेणारही नाही.

आज समुद्रात गुडघ्यापर्यंत शिरले. भरतीची वेळ आधी विचारली.

२६ जानेवारी. जयगड

तवसाळहून पुन्हा फेरीबोट. उतरते तोच साक्षीचा फोन.

"ताई, उलटंच झालं. लगीन अलीकडं घेऊ म्हनून राहिले ते. मामा म्हनले, पोरगी हातची जायच्या आत बांधून टाका."

बांधून टाका! शेळी आहे मी?

मोडत नाहीत. मोडणारच नाहीत. माझे फोटो पाहून त्यांना दोर आठवला. मी इतकी हुशारी केली ती माझ्याच गळ्यात आली. जेट्टीवर बसून रडले. लिहिते, खरं तेच लिहिते. मग उठले. उद्या मीच अंगदला सांगणार. भावकीला बोलायचं ते बोलू दे. साक्षीला विचारलं, तुझं काय? म्हणाली, "मला असलं स्थळ पायजेच कुठंय?" लहान आहे, पण माझ्यापेक्षा धीट निघाली.

आबांना कसं सांगू, ते मात्र सुचत नाही. त्यांची मान खाली गेलेली मला पाहवणार नाही.

२७ जानेवारी

अंगदला तीनदा फोन लावला. उचलला नाही. उद्या पुन्हा लावणार. नाही उचलला तर डोंगरकड्यात जाऊन तोंडावर सांगेन.

२८ जानेवारी

आबांचा फोन. आबा कधी फोन करत नाहीत.

"डोंगरकड्याला जाऊन आलो. सोयरीक मोडली म्या. चार मानसांत, हात जोडून."

म्हटलं, "आबा, त्यांनीच मोडावी म्हणून मी... तुमच्यासाठीच..."

"ठावं हाय. मुद्दाम मागं राह्यलेलं मेंढरू मला वळखू येत न्हाई व्हय? बैठकीत ते हसले तवाच उठायला पायजे होतं म्या. न्हाई उठलो."

फोनमधून मेंढरं ऐकू येत होती.

मग म्हणाले, "तिकडं चारा कसाय?"