हाक मारता येईल असं नाव

२ डिसेंबर

नाव शिशिरा ठरत आलंय. माझं काही खरं नाही!

फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय. बाळ जानेवारीत येणार, तेव्हा नाव थंडीतलं हवं, असं सूनबाईने जाहीर केलं आणि घर कामाला लागलं. "आणि मुलगा झाला तर?" चिरंजीवांनी विचारलं. "मुलगीच आहे. मला माहितीय." विषय संपला. कागदावर तीन नावं — तुषारा, नीहारिका, शिशिरा. शिशिराखाली दोन रेघा. दूध काढायला गेलं की नावं नाकासमोर.

सकाळी बाथरूममध्ये नळ मोठा सोडून आरशासमोर म्हणून पाहिलं. 'हिहिया.' परत एकदा, सावकाश. 'हिहिया.' टांगेवाला घोड्याला हाकतोय असं वाटलं.

मेंदूच्या झटक्याला पाच महिने झाले. हात वाचला, पाय वाचला, डोकं (ही म्हणते) होतं तेवढं शाबूत आहे. फक्त जिभेचं टोक संपावर गेलंय. स आणि शचा नुसता ह होतो, रचा य. चौतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली मी! साठ-साठ नावं, हजेरीपट न उघडता, एका दमात. आता साखर मागायची तर चिठ्ठी लिहितो. खिशात कायम छोटी वही आणि पेन्सिल. घरच्यांना वाटतं म्हातारा अबोल झालाय. वाटू दे. बरळणाऱ्यापेक्षा अबोल बरा.

४ डिसेंबर

आज शिशिरासमोर माझा शेरा लिहिला — 'शिशिरात पानं गळतात. मुलीचं नाव पानगळीवरून?' कारण कसं भक्कम!

हिने वाचलं आणि म्हणाली, "अहो, तुमचं आपलं काहीतरीच." सूनबाईने वाचलं. तिचा चेहरा मात्र उतरला. एका नावाचं एवढं काय, कळत नाही.

७ डिसेंबर

जीभबाईंकडे गेलो. (नाव मी ठेवलंय. दवाखान्यात बोलायला शिकवतात त्या. वय माझ्या मुलापेक्षा कमी, दरारा हेडमास्तरांचा.) जीभ दातांमागे लावा, हवा सोडा, मेणबत्ती विझवा. मेणबत्ती तशीच, थुंकी त्यांच्या चष्म्यावर! काच पुसून म्हणाल्या, "छान. पुन्हा."

मी चिठ्ठी सरकवली — 'श कधी येईल?'

"खरं सांगू का, आजोबा? उन्हाळ्यापर्यंत आला तर आला. नाहीतर असाच राहील. पण तुम्ही बोलायला तर लागा! चिठ्ठ्या लिहून कुणाची जीभ सुधारलीय का?"

दुसरी चिठ्ठी — 'स, श, र नसलेली थंडीची नावं सुचवा.' हसल्या. जीभ नावासाठी तयार करायची म्हणे, नाव जिभेसाठी नाही. फळ्यावर सुविचार लिहायला ठीक आहे हे. हाक त्यांना थोडीच मारायचीय.

११ डिसेंबर

चार दिवस शब्दकोश पुढ्यात. शेवटी तीन सापडली — हिमा, हिमानी, माघी. तिन्ही येतात! आरशासमोर खणखणीत. कागदावर ठळक अक्षरात लिहिली आणि पेपर तोंडासमोर धरून निकालाची वाट पाहत बसलो.

हिमानी — सूनबाईच्या ऑफिसातल्या साहेबीणबाईंचं नाव निघालं. "नको हो बाबा! दिवसभर तिचं ऐकायचं आणि घरी येऊन तिलाच हाका मारायच्या?" माघी — चिरंजीव म्हणाले, "जन्मतःच आजी वाटेल." राहिली हिमा. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "फारच तोकडं आहे. धुऊन आटलेल्या स्वेटरसारखं."

तिन्ही बाद!

१२ डिसेंबर

नाव हाक मारायला असतं. पाटीवर लावायला नव्हे. — हे कागदावर लिहिलं नाही.

१९ डिसेंबर

आली!! तीन आठवडे आधीच. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. मुलगीच. अडीच किलोला थोडी कमी, पण आवाज पाच किलोचा. दोघी सुखरूप.

हॉस्पिटलच्या त्या थंडगार लोखंडी खुर्च्यांवर तीन तास बसलो. चिरंजीवांनी स्वेटर उलटा घातला होता, शिवण बाहेर. सांगावंसं वाटलं, पण तो येरझाऱ्या घालत होता आणि त्याच्यामागे चिठ्ठी घेऊन कोण धावणार?

नर्सने माझ्या हातात दिली. बारीकशी, तांबूस, कपाळावर आठ्या — वर्गात पहिल्याच दिवशी गणित दिल्यासारख्या. सगळे तिच्याशी बोलत होते. ही बोलत होती, चिरंजीव बोलत होते, फरशी पुसणाऱ्या मावशीसुद्धा पोचा टेकवून "काय गं ठमाबाई" म्हणून गेल्या. मी गप्प. तिने डोळे किलकिले केले आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे दिसत काही नसतं म्हणतात त्यांना, पण पाहिलं.

खिशात वही होती. पण या बाळाला काय चिठ्ठी लिहू? सगळं घर वाचतं माझ्या चिठ्ठ्या. ती निरक्षर! आयुष्यभर साक्षरांना शिकवलं आणि एका निरक्षरापुढे माझी दांडी गुल झाली.

फार गोड आहे. फार म्हणजे फार.

२३ डिसेंबर

घरी आली. घर पार बदललं. दोऱ्यांवर झबली, टोपडी, एवढाले मोजे. हीटरच्या तारेला अडखळून मी दोनदा पडता पडता वाचलो. सगळे 'बाळ' म्हणतात. बाळ मला नीट म्हणता येतं. असंच चाललं तर काय वाईट!

२७ डिसेंबर

नाही चाललं. हॉस्पिटलातून निरोप आला — एकतीस तारखेच्या आत नाव कळवा, नाहीतर दाखल्यावर नुसतं 'मुलगी' छापून येईल, मग खेटे घाला.

जेवणाच्या टेबलावर मतदान. सूनबाई शिशिरा. चिरंजीव शिशिरा. ही म्हणाली, "आईच्या मनात असेल ते." राहिलो मी. लिहिलं — 'अजून विचार करावा.' चिरंजीव भडकले.

"विचार कसला, बाबा? महिनाभर विचारच चाललाय! तुषारा नको, नीहारिका नको, शिशिरा नको. आजारी पडल्यापासून तुम्हाला काही पसंतच पडत नाही. प्रत्येक गोष्टीत खोडा! तोंडाने दोन शब्द बोलत नाही, आणि चिठ्ठी येते ती नकाराचीच."

ही म्हणाली, "अरे, हळू. बाळ झोपलंय." तो उठून गेला. ताट अर्धं.

राग आला नाही. खोटं कशाला लिहू — आला. पण मुलाचं म्हणणं खरं आहे याचा जास्त आला. महिनाभर पानगळ, अर्थ, शोभा असली कारणं पुढे केली. खरं कारण एवढंच की माझ्या नातीला हाक मारताना लोकांनी हसू नये. तिने तर मुळीच हसू नये. चार वर्षांची होईल, मैत्रिणी येतील, आजोबा दारातून हिहिया म्हणून ओरडतील आणि मैत्रिणी तोंडावर हात ठेवतील. मी वर्गात असलं हसू पाहिलंय. थांबवलंयही. पण घरात कोण थांबवणार?

२८ डिसेंबर

आज जे झालं ते सगळं लिहायचंय.

ही आणि चिरंजीव औषधं आणायला गेले होते. सूनबाई गॅलरीत बाळाला उन्हात घेऊन बसली होती. मला म्हणाली, "बाबा, बसा ना." बसलो. समोर रस्त्यापलीकडचं ते झाड, एकही पान नाही.

"तुम्हाला आठवत नाही, ना?" म्हणाली.

मान हलवली.

मग तिने सांगितलं. दोन हिवाळ्यांमागे तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हाची गोष्ट. ती आठ दिवस याच खुर्चीत बसून होती. कुणाशी बोलत नव्हती. सगळे येऊन समजावून जात — देवाची इच्छा, वय काय तुझं, होईल पुन्हा. ती म्हणते, मी चहा घेऊन आलो, कप ठेवला आणि समोरचं झाड दाखवून म्हणालो, "हे मेलेलं नाही गं. शिशिर चाललाय त्याचा. आत काम चालू आहे."

"बाबा, त्या दिवशी मी पहिल्यांदा चहा प्यायले. तेव्हाच ठरवलं होतं, मुलगी झाली तर शिशिराच. आणि तुम्हीच लिहिलंत, पानगळीवरून नाव नको."

मला चहाचं आठवतं. बोलल्याचं नाही. काय बोलावं सुचेना म्हणून मास्तरकी केली असेन. चौतीस वर्षांत असली किती वाक्यं फेकली, कुठलं कुठे जाऊन रुजलं, काय माहीत.

मग ती म्हणाली, "आता खरं कारण सांगा."

वही काढली. तिने वहीवर हात ठेवला. "लिहून नाही."

तेव्हा म्हटलं. नळ न सोडता, भर उन्हात, माणसासमोर. "हिहिया."

ती बघत राहिली. मग हसली. हसता हसता रडायला लागली आणि बाळही जागं होऊन रडायला लागलं, कारण त्याला कारण लागत नाही. "अहो बाबा! एवढंच? सांगायचं ना! बदलू आपण. हिमानी ठेवू. साहेबीण गेली खड्ड्यात. आत्ता फोन करते मी."

मी वही ओढून घेतली आणि पानभर अक्षरात लिहिलं — 'खबरदार!!'

खाली लिहिलं — 'नाव शिशिराच. हे आपल्या दोघांत. बाकी कुणाला सांगायचं नाही.'

कबूल झाली. फार मनाविरुद्ध.

२९ डिसेंबर

सकाळी कागदावर माझा शेरा खोडून लिहिलं — 'पूर्ण विचारांती शिशिरा पसंत.' ही म्हणाली, "सूर्य कुठून उगवला आज?" चिरंजीव ऑफिसला जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. फॉर्म गेला.

मुलीला तिचं नाव ऐंशी वर्षं वापरायचंय. मला फार तर दहा. हिशोब सरळ आहे.

११ जानेवारी

दुपारी सगळे आपापल्या कामात, बाळ माझ्या ताब्यात. दार लावून घेतो. पाळण्याशी बसून जिभेचे व्यायाम करतो. स नाही, सा नाही. ती टक लावून बघते. मेणबत्तीपेक्षा बरी विद्यार्थिनी! मग दार बंद आहे याची खात्री करून म्हणतो — हिहिया. पाय झाडते.

चारचौघांत मात्र 'बाळ'च.

३० जानेवारी

आज हिहिया म्हटल्यावर हसली. माझ्यावर हसली. आणि मला चाललं!

२० फेब्रुवारी

जीभबाईंनी तपासलं. त्या इकडचं तिकडचं बोलत नाहीत — "आजोबा, श आता येईल असं वाटत नाही. पण तुमचा आवाज किती मोकळा झालाय! घरी कुणाशी बोलता?" लिहिलं — 'आहे एक निरक्षर.'

बाहेर येऊन बाकावर जरा वेळ बसलो. म्हणजे कायमचंच झालं हे. रडलो नाही. पण घरी चालतच आलो, लांबच्या रस्त्याने.

२७ मार्च

लस टोचायला गेलो — चिरंजीव, मी आणि ती. सुई लागताच तिने दवाखाना डोक्यावर घेतला. मी खिसा चाचपत उभा. चिरंजीवांनी तिला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली आणि म्हणाले, "झालं गं हिहिया, झालं. हिहिया माझी ती. हिहिया." ती हुंदके देत थांबली.

नर्सने कार्डावर पाहिलं. "शिशिरा ना हो हिचं नाव?"

"ते कागदावर. यांच्या माघारी घरात सगळे हिहियाच म्हणतो. दुसऱ्या कशाला वळूनच बघत नाही ती. आजोबांनी ठेवलंय. दार लावलं तरी बाहेर ऐकू येतं."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. वही काढली नाही. "बयोबय," म्हणालो.